उरलेला दम

आमच्या कळव्याच्या बिल्डिंगखाली रोज सकाळी एक कोळीण यायची. नाव मी कधी विचारलं नाही, तिची हाकच ओळखीची होती. 'पापलेट, सुरमई, बोंबील, कोलंबी, मांदेली', पाचही मासे एका दमात थेट तिसऱ्या मजल्यापर्यंत.

कोविडमधून ती वाचली, पण हाक अर्धी झाली. सुरमईपाशीच दम लागायचा. मग गेटजवळच्या कठड्यावर बसून पदराने घाम पुसत राहायची. वर्ष उलटलं तरी तेच. एकदा मी पाणी नेऊन दिलं तेव्हा म्हणाली, "रिपोर्ट नॉर्मल हाय, बाय. घरची बोलतात, सोंग करते."

मी म्हटलं, "मावशी, याला लाँग कोविड म्हणतात. जगभर कितीतरी लोकांचं असंच झालंय. पेपरात येतं."

तिने घाम पुसायचा पदर खांद्यावर टाकला. "म्हंजे मी सोंग नाय करत," एवढंच बोलली आणि टोपली उचलून चालू लागली.

त्यानंतर ती हाकेला घाई करेनाशी झाली. दम लागायच्या आत थांबायची, बसायची, मग पुढच्या बिल्डिंगकडे जायची. कित्येक महिने बोंबलापर्यंतच मजल होती. मग एका पावसाळ्यानंतर हाकेत कोलंबी आली.

परवा चहा गाळत होते, तर खालून पाचही मासे एका दमात वर आले. त्यांच्यामागून लांबलचक 'बांगडेऽऽ'. मी जिना धावतच उतरले. टोपलीत बांगडा एकही नव्हता.

"बांगडे कुठायत, मावशी?"

"आणलं नाय," ती कोलंबी निवडत म्हणाली. "दम उरला व्हता."