डाव्या पायावरचा हात

भूत, भास, अंगात येणं... हे विषय मी आयुष्यभर चहासोबत तोंडी लावायला वापरले. विश्वास कधीच नव्हता. आता तुम्ही माझ्यावर हसा, पाळी तुमची.

आम्ही ब्रह्मपुरीचे. माझी बायको शालू, तिला एमएस आहे – म्हणजे शरीर स्वतःच्याच नसांचं आवरण कुरतडतं. डावा तळपाय कित्येक वर्षं बधिर. चप्पल मागे राहिली तरी तिला कळत नाही, मलाच हाक मारावी लागते. दरवर्षी चंद्रपूरला मेंदूचा एमआरआय. मध्येच शिरेत कॉन्ट्रास्टचं औषध सोडतात. आजार जागा असेल तर मेंदूतला डाग फोटोत उजळतो. शालू घाबरते म्हणून मी आत खुर्चीवर बसून तिचा उजवा पाय धरतो.

एका वर्षी मी दारातच अडलो. सून बरी व्हावी म्हणून आईनं माझ्या करदोड्यात चांदीचा ताईत ओवला होता. टेक्निशियन म्हणाला, "काका, आत धातू चालत नाही, तो काढा." आता, नवा बांधल्याशिवाय जुना करदोडा आमच्यात काढत नाहीत! मी, विज्ञानवादी माणूस, पँट घट्ट धरून वाद घालू लागलो. शालू आतून ओरडली, "बसा ना जी बाहेरच! तमाशा नोका करू!"

बसलो बाहेर.

ती आली ती डोळे पुसतच. "आज डावा पाय काऊन धरला होता जी?"

"मी? मी तर इथं होतो."

"औषध गार गार हातातून वर चढलं... अन् मंग कोणीतरी पाय दाबून राह्यलं होतं. करंगळीपासून."

आत दुसरं कोणीच नव्हतं. आणि करंगळीपासून पाय दाबायच्या फक्त माझ्या सासूबाई, शालूची आई – रोज संध्याकाळी, मोहाच्या बियांचं तेल लावून. त्या तर केव्हाच वारल्या होत्या. "मी खुर्ची सोडायचीच वाट पाहत असतील," मी म्हणालो. शालू हसली नाही.

रिपोर्ट चांगला आला. एकही डाग उजळला नव्हता, जुने जिथल्या तिथं. डॉक्टर म्हणाले, या आजारात असे भास होतात. पण बधिर पायाला करंगळी कुठली नि अंगठा कुठला, हे कसं कळलं? मी असं विचारलं तर ते रिपोर्टच पुन्हा चाळू लागले. वर आनंदानं म्हणाले, "पुढच्या वेळी कॉन्ट्रास्टची गरज नाही!"

शालूचा चेहरा उतरला. परतताना एसटीत तिनं हळूच विचारलं, "औषधाविना आई येईल काय जी?"

पुढच्या खेपेला करदोडा मी मुद्दामच ठेवला. आतली खुर्ची रिकामी सोडून बाहेर बसलो. ती आली, खाली बघत चप्पल शोधली. म्हणाली, "नाई आली."

तो हात जाणवला त्या दिवशी काय झालं, मला आजही माहीत नाही. संध्याकाळी तेल आता मी लावतो. करंगळीपासून. ती टीव्हीकडे बघत विचारते, "सुरू केलं काय जी?"

"केव्हाचं."

"मंग थांबू नोका."