मागच्या दारचा डबा

रशीद गेल्याचं त्याच्या बहिणीनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी लोणावळ्याच्या आमच्या प्रयोगशाळेत होते. "हार्ट अटॅक..." एवढंच ती बोलू शकली. मला आधी त्याचा रागच आला. दुसऱ्यांच्या पोटातले जंत शोधता शोधता स्वतःच्या छातीतली कळ अंगावर काढली या माणसानं! महिना झाला, राग अजून उतरलेला नाही.

अंकुशकृमीवर नवं औषध तयार करणाऱ्या गटात आम्ही दोघं होतो. हा जंत ओल्या मातीतून अनवाणी पायांत शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. बेडशाजवळच्या एका वाडीत चाचणी चालू होती. औषधानंतर शौचाचे नमुने तपासले, तर जवळपास सगळे स्वच्छ. गटात पेढे वाटले गेले. रशीद मात्र पेढा हातात धरून तसाच बसला होता. त्याच वाडीतली मंदा भाताची लावणी करताना चक्कर येऊन पडली होती, ओठ पांढरेफटक. "जंत न्हाईत असं तुमीच सांगितलं न्हवं? मग ही कामाला टाळतीया," असं म्हणून तिचे सासरे, आबा, तिला माहेरी धाडायला निघाले होते. आमच्याच रिपोर्टच्या जोरावर!

रशीदनं त्या घरचे जपून ठेवलेले नमुने पुन्हा काढून पाहिले. सासू, मंदा आणि तिची लहानगी, तिघींच्या डब्यांत पेरूच्या बिया.

"तिघींनी पेरू खाल्ला असेल," मी म्हटलं.

"सासूबाईंना दात नाहीत, ताई."

मग उमगलं. आबा दिवसभर पडवीत बसून. त्यांच्या डोळ्यांदेखत सून आपला डबा घेऊन कशी जाणार? अजून खाचराच्या चिखलात न उतरलेल्या लेकीचीच शी तिन्ही डब्यांत भरली होती. वाडीत आणखी किती घरांत हेच झालं असेल... गटप्रमुख भडकले. पुन्हा नमुने घ्यायचे म्हणजे सगळं मुसळ केरात. औषधात रशीदची उमेदीची वर्षं गेली होती, तरी तो म्हणाला, "आधी मंदाचं बघू."

सकाळीच पोचलो. आबा पडवीतल्या जागेवरून उठलेसुद्धा नाहीत. "आता परत कशापायी? उद्या तिचा भाऊ येतोय न्यायला."

"तपासायला नाही आलो, आबा. तुमची लावणी बघायची होती."

रशीदला भातातलं ताटात येईल तेवढंच कळायचं. पण त्यानं असे अडाणी प्रश्न विचारले, की आबा वैतागून त्याला शिकवायला थेट खाचरावर घेऊन गेले. मी मागच्या दाराशी गेले. मंदानं आडोशाला जाऊन डबा भरून आणला. "ताई, आबास्नी कळू दिऊ नगा."

सूक्ष्मदर्शकाखाली अंडीच अंडी होती. रशीद बराच वेळ डोळा लावून बसला. "आपलं औषध चाललंच नाही," तो म्हणाला, आणि लगेच गाडी मागवली. आबांना एवढंच सांगितलं, की तिच्या अंगात रक्त कमी आहे. मंदाला रक्त चढवलं, जंतांच्या जुन्या, नेहमीच्या गोळ्या दिल्या. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर उशीर झाला असता तर हाती लागली नसती. आमचं औषध पुन्हा पहिल्या पायरीवर आलं.

गेल्या आठवड्यात आबा मंदाला घेऊन रशीदच्या घरी भेटायला आले.

"रशीद डाक्टरला भाताचा लय नाद," आबा त्याच्या बहिणीला म्हणाले. "हिचं दुखनं सरलं, तरी यायचा. बांधावर बसायचा. आता कोन इचारनार?"

मंदानं माझ्याकडे पाहिलं आणि हलकेच मान हलवली. नगा सांगू...

मी खुर्ची आबांच्या जवळ ओढली. "आबा, यंदा रोप कसं उतरलंय?"