बाबांच्या टायची फ्रेम

आमच्याकडे पोलादपूरच्या डोंगराकडच्या वाड्यांमध्ये वारलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवत नाहीत. चांगले असतील ते कुणाला तरी देतात, बाकीचे नदीला सोडतात. बाबांचं तेरावं झालं आणि आईने गाठोडं बांधायला घेतलं. मुंबईहून आलेल्या त्यांच्या बॅगेतून शर्ट-पँटच्या खालून पाच टाय निघाले. काकांनी ते दोन बोटांत धरून वर उचलले.

"ह्ये कुनाला देनार? हितं कोन घालतंय?"

"ते मी नेणार," मी म्हटलं. नेऊन काय करणार ते मलाही ठाऊक नव्हतं. पण एकदा तोंडातून गेलं की मी मागे घेत नाही. महाडला ज्या शाळेत मी शिकवते तिथली पोरं मला याचसाठी वचकून असतात.

बाबा तीस-बत्तीस वर्षं मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात होते. कपबशा विसळण्यापासून सुरुवात केली, मग वेटर झाले आणि शेवटची बरीच वर्षं कॅप्टन. कॅप्टन म्हणजे सगळ्या वेटरांवर नजर ठेवणारा, पाहुण्यांना टेबलापर्यंत नेणारा. टाय मिळायचा तो कॅप्टनला. हॉटेल गणवेश बदलायचं तसा टाय बदलायचा, आणि जुना बाबा जपून ठेवायचे. काळा, मेंदीच्या रंगाचा, निळ्यावर पांढऱ्या रेघांचा, करडा. हे चार नीट घडी केलेले होते. पाचव्या, तपकिरी टायची गाठ तशीच होती. कामावर असताना छातीत दुखायला लागलं तेव्हा त्यांनी गाठ जरा सैल केली, टाय डोक्यावरून काढून खुंटीला अडकवला आणि इस्पितळात गेले. तिथून ते परत आले नाहीत. सोबतच्या वेटरने टाय तसाच बॅगेत भरला.

गावात मात्र बाबा शेवटपर्यंत 'हाटेलात कपबशा धुणारा'च राहिले. गणपतीला आणि शिमग्याला आले की लुंगी-बनियनवर. टाय घातलेलं त्यांना वाडीतल्या कुणी पाहिलं नाही, आम्ही नाही आणि आईनेही नाही. मला याचा भयंकर राग होता. वर्षश्राद्धाला सगळा गोतावळा जमेल, तेव्हा हे पाचही टाय ओटीच्या भिंतीवर काचेत दिसले पाहिजेत, असं मी मनाशी पक्कं केलं.

महाडच्या बाजारात एक फ्रेमवाला आहे. दुकानाच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ अजून दिसते आणि त्या रेघेच्या वर देव आणि गेलेली माणसं ओळीने टांगलेली असतात. नमुना म्हणून मी त्याला काळा टाय दिला, वडिलांचा आहे म्हणून सांगितलं. आठवड्याने गेले तर टाय लाल मखमलीवर डिंकाने चिकटवलेला, भोवती सोनेरी पट्टी, वर चंदनी रंगाचा हार आणि खाली 'कैलासवासी' अशी चिकटपट्टी. त्याच्याकडे चौकटीचं माप ठरलेलं, देवांना आणि गेलेल्यांना बसणारं. टाय लांब पडला म्हणून त्याने खालून वीतभर कापून टाकला होता.

"हार माझ्याकडून, बाई," तो म्हणाला. त्याने तो मनापासून दिला होता, हीच पंचाईत. भांडायलाही जागा नव्हती. कापलेला तुकडा त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. एसटी स्टँडच्या बाकड्यावर बसून मी तो उघडला आणि चारचौघांत रडले. रडून झाल्यावर ठरवलं, आता कुणाच्या हातात टाय द्यायचा नाही.

मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून मी शिकले. डिंकाचा थेंबही लावायचा नाही. जाड पुठ्ठ्यावर धुतलेलं मांजरपाट ताणून बसवायचं आणि त्याच्यावर टाय शिवायचा. टाका घ्यायचा तो मागच्या अस्तरातून, पुढच्या कापडाला सुई लागता कामा नये. काच कापडाला टेकू द्यायची नाही, नाहीतर आपल्याकडच्या पावसाळ्यात आतून बुरशी धरते. म्हणून चौकट पेटीसारखी खोल हवी. ती पोलादपूरच्या एका सुताराने करून दिली. एरवी तो देव्हारे करतो.

"यात देव कंचा बसवनार?" त्याने विचारलं. मी टाय म्हटल्यावर तो बराच वेळ रंधा मारत राहिला. कोपरे मात्र असे जुळवले की नख शिरणार नाही.

शिवणकामात मी ढ आहे. पहिल्यांदा सगळे टाय टेबलावर आडवे ठेवून शिवले आणि पुठ्ठा उभा केला तर सगळे दमलेल्या माणसासारखे पोटातून पुढे आले. सगळे टाके उसवले. दुसऱ्यांदा निळा तिरका गेला. पुन्हा उसवले. तिसऱ्यांदा पुठ्ठा भिंतीला उभा टेकवून, वरून खाली, दर चार बोटांवर एक टाका घेत गेले. काळ्या टायची मखमल नखाने सोलून काढली. डिंकाने तो कडक झाला होता. तो होता तसाच लावला आणि कापलेला तुकडा त्याच्याखाली बोटभर जागा सोडून शिवला. झाली चूक ती लपवायची कशाला?

गाठीच्या टायला मात्र जपूनच हात लावला. गाठ चपटी होऊ नये म्हणून तिच्या मागे कापसाची बारीक सुरळी सारली आणि चौकटीच्या मधोमध तो टाय बसवला.

काकांना हे कळलं तसा त्यांचा फोन आला. "बाकी काय लावायचं ते लाव. पन गाठ सोड. मयताच्या कमरेचा करगोटासुद्धा तोडतात गो. गाठ ऱ्हायली की जीव अडाकतो."

"जीव टायमध्ये अडकत नसतो, काका."

"तू मास्तरीन झालीस म्हंजे सगळं कळतं काय?"

मी फोन ठेवून दिला. ती गाठ बाबांच्या हातची होती. त्यांच्या हातचं दुसरं काही आमच्याकडे उरलं नव्हतं. ती मी कुणाला सोडू देणार नव्हते, काकांना तर नाहीच.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी दुपारी चौकट चादरीत गुंडाळून रिक्षाने वाडीवर नेली. खिळे मीच ठोकले. टांगून मागे सरले. पाच टाय, सरळ, ऐटीत. असा ऊर भरून आला की सांगता येत नाही. आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि चौकटीपाशी गेली.

"काच काढ," ती म्हणाली.

"कशाला? मागून कागद चिकटवून सगळं बंद केलंय."

"काढ गो बाय. मला हात लावायचा हाय."

मी चौकट उतरवली, पाठ उघडून पुठ्ठा बाहेर काढला. आईने चार टायवरून हात फिरवला आणि गाठीच्या टायपाशी थांबली. "ह्यो कसा घालायचे ते? मला घालून दाखव."

टाके कापले, कापूस काढला आणि टाय डोक्यावरून गळ्यात घातला. गाठ वर सरकवली. आई माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती. ती गळ्याकडे बघत होती, कॉलरच्या जागी, जिथे माझी ओढणी होती तिथे. मग पुढे आली आणि दोन्ही हातांनी तिने गाठ खाली ओढली. मी तिचं मनगट धरलं.

"आई, नको. ती बाबांनी बांधलेली आहे."

"म्हायती हाय," ती म्हणाली. "कामावरनं घरी आले असते तर मीच सोडली असती ना?"

मी हात काढून घेतला. वर्षभर मी फ्रेमवाल्याशी, सुईशी, काकांशी झगडत होते आणि आईला एकदाही विचारलं नव्हतं. ती गाठ सोडत होती. कशी सुटते ते तिला ठाऊक नव्हतं, म्हणून वेळ लागला. सुटल्यावर तिने टाय माझ्या गळ्यातून ओढून घेतला, मांडीवर पसरला आणि गाठीच्या जागी कापडाला पडलेल्या वळ्यांवर अंगठा ठेवला.

"हितं इस्तरी मारू नको," ती म्हणाली.

मी सुईत दोरा ओवला.