चपलेला चिकटलेली जीप

आमच्या जीपला गंज लागू नये म्हणून मी जे जे केलं, त्यानंतर तिच्यात गंज लागण्यासारखं काही उरलंच नाही.

ही जीप नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, देवळालीच्या एका लष्करी लिलावातून आणली होती. वय विचारू नये अशी. नव्वदच्या दशकातल्या त्या दिवसांत मखमलाबादला आमची द्राक्षबाग होती आणि खताच्या गोण्यांपासून द्राक्षांच्या क्रेटपर्यंत सगळं या जीपमधूनच जायचं. पावसात छताच्या कॅनव्हासमधून पाणी आत यायचं (बाहेर जायला मात्र त्याला वाट नव्हती!) आणि पायाखालचा पत्रा कायम ओला राहायचा. एक दिवस त्यावर तांबडे फोड दिसले. मी नुकताच बीएस्सी अ‍ॅग्री होऊन घरी आलो होतो. म्हणजे मला सगळं येत होतं.

तरी आपलं विचारून ठेवावं म्हणून जीप शहरात द्वारका चौकातल्या रशीदभाई मिस्त्रींकडे नेली. त्यांनी पान्याने पत्रा दोनदा ठोकला, कान देऊन ऐकला.

"सोपं काम हाय भाऊ. तारेच्या ब्रशने गंज खरवडा, साफ पत्रा दिसला पायजे. मग रेड ऑक्साइडचे दोन हात, मग रंग. आन् खाली दोन बारीक भोकं पाडा, पाणी निघून जाईल."

"भोकं? चांगल्या पत्र्याला?"

"आज दोन नाय पाडली, तर पुढं एकच पडंल."

मी हसलो. मिस्त्री अनुभवी होते, पण पदवीधर नव्हते!

आता इथे बागेतली एक गोष्ट सांगायला हवी. एप्रिलात छाटणी झाली की आम्ही द्राक्षाच्या खोडांना मोरचूद आणि चुन्याची पेस्ट लावतो. तिला बोर्डो म्हणतात. बोर्डो लावलेल्या खोडाला ना कीड लागते ना बुरशी. ते नीट जमलंय की नाही हे बघायची नानांची एक पद्धत होती. त्यात लोखंडी विळा बुडवायचा. विळ्यावर तांबूस रंग चढला, की नाना "बिघडलं!" म्हणून ओरडायचे आणि आणखी चुना ओतायचे. तो विळा धरायचं काम मी सातव्या वर्षापासून करत होतो.

त्या एप्रिलात नाना आत्याकडे सटाण्याला गेले होते, खोडं माखून झाली होती, अर्धी बादली मोरचूद उरलं होतं, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जे औषध खोडाला वाचवतं ते पत्र्याला का नाही वाचवणार? मी ते कालवलं. चुना थोडा कमी घेतला आणि मोरचूद चांगलं दुप्पट. गंज काही बुरशीइतका लेचापेचा नसतो!

"हे काय रे करतोस?" आईने विचारलं.

"जीपला औषध लावतोय."

"तिला काय झालंय?"

"काही होऊ नये म्हणूनच."

आणि काय सांगू, दहा मिनिटांत पत्रा तांब्यासारखा लाल झाला! तांब्याला गंज लागत नाही हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल, आणि मी तर घरच्या घरी जीपला तांब्याचा मुलामा चढवला होता. विळ्याची आठवण झाली नाही असं नाही. झाली. पण तो विळा होता, ही जीप होती. मी वरून रबरी मॅट अंथरली आणि सहा महिने तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

दिवाळीत मॅट उचलली. तांब्याचा मागमूस नव्हता. त्या जागी विटेच्या भुग्यासारखं काहीतरी होतं आणि ते बोटाने उकरलं की उकरत होतं. दुसऱ्या कुणी नानांना सांगितलं असतं. मी मार्ग काढला. आमच्या रस्त्याचं काम चालू होतं, तिथल्या मुकादमाकडून डबाभर डांबर मागून आणलं. ते घट्ट होतं म्हणून रॉकेल घालून पातळ केलं (बरंच!) आणि एकावर एक चार थर दिले. पत्रा काळाभोर, तुकतुकीत झाला. नाना खूश होऊन म्हणाले, "शिकल्याचा उपयोग झाला म्हणायचा." थंडी होती, डांबर कडक होतं आणि माझी मानही तशीच ताठ होती.

फाल्गुनात मी लासलगावला मुलगी पाहायला गेलो. सुनंदा नाव. तिने पोहे दिले आणि हळूच विचारलं, "लिंबू पिळून देऊ का आणखी?" एवढंच बोलली, पण मला ती इतकी आवडली की ते आंबट पोहे मी तीनदा घेतले. आता तिच्या वडिलांनी आमचं घर बघून हो म्हणायचं बाकी होतं. वडील म्हणजे अण्णा, कांद्याचे व्यापारी. नुसत्या हाताने कांदा दाबून तो किती दिवस टिकेल ते सांगणारा माणूस. मला दडपण एकाच गोष्टीचं होतं, हा माणूस मलाही दाबून बघणार.

एप्रिलातल्या भर दुपारी अण्णा एसटीने आले. बरोबर येणारा मेहुणा ऐनवेळी लिलावात अडकला, म्हणून एकटेच. मी त्यांना द्वारकेवरून जीपमध्ये घेतलं. पांढरंशुभ्र धोतर, टोपी आणि पायात कोऱ्या करकरीत कोल्हापुरी चपला. ऐटीत पुढे बसले. द्वारकेच्या गर्दीत आम्ही पाऊण तास उन्हात उभे होतो.

"वास कसला येतोय हो?" अण्णांनी नाक वर केलं.

"कोटिंगचा! मी स्वतः केलंय. आतून पूर्ण संरक्षण."

"मंजी गंज लागत नाय?"

"सात जन्मांत नाही!"

"काम लय पक्कं दिसतंय," अण्णा म्हणाले. माझी छाती फुगली. जावई झालोच, असं धरून मी गंगापूर रोडला दोन हॉर्न उगाचच वाजवले.

घरासमोर जीप थांबली. नाना हात जोडून उभे, आई पाण्याचा तांब्या घेऊन उभी. अण्णा उतरायला उठले आणि परत बसले. पुन्हा उठले, पुन्हा बसले.

"काय झालं?" नानांनी विचारलं.

"पाय निघंना."

मी वाकून पाहिलं. उन्हाने डांबर पातळ होऊन अण्णांच्या चपला त्यात पार रुतल्या होत्या.

"अण्णा, चपला तिथेच राहू द्या, नुसते पाय काढा."

"लेकीचं घर बघाया अनवाणी जाऊ? नाय जमायचं!"

असं म्हणून त्यांनी वरचा दांडा धरला आणि उजव्या पायाला असा हिसका दिला की जीप हलली. खालून 'कर्रर्र' असा आवाज आला आणि पाय सुटला. चपलेसकट सुटला. चपलेला डांबर होतं, आणि डांबराला जेवणाच्या ताटाएवढा जीपचा पत्रा! पायाच्या जागी भलं मोठं भोक पडलं होतं. त्यातून जीपखाली सावलीला झोपलेला आमचा मोत्या मान वर करून आत बघत होता.

डावी चप्पल जीपनेच ठेवून घेतली. अण्णा उजव्या पायात पत्रा घेऊन अंगणात उतरले, आणि खण्ण, टप्प, खण्ण, टप्प करत ओट्यापर्यंत आले. कुणी हसलं नाही. म्हणजे आईने पदर तोंडात कोंबला होता, म्हणून आवाज आला नाही.

नानांनी अण्णांचा पाय हळूच चपलेतून सोडवला, पत्रा उलटसुलट केला. डांबराच्या खाली निळसर काहीतरी होतं. नानांनी ते नखाने खरवडलं.

"हे मोरचूद. लोखंड खातं हे. जीपमधी कुणी लावलं?"

क्षणभर वाटलं, रशीदभाईंचं नाव सांगावं. समोर अण्णा होते, डोळ्यांपुढे सुनंदा होती. पण त्या बिचाऱ्याने तर मला बजावलं होतं.

"मी लावलं," मी म्हणालो. "डांबरही मीच फासलं. मिस्त्रींनी नीट सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही."

"अरे, विळ्यावर लाल चढलं की मी काय म्हणतो?"

"बिघडलं म्हणता."

"आन् तू जीपवर लाल चढलेलं बघून काय म्हणालास?"

"जमलं म्हणालो."

नानांनी पत्रा खाली ठेवला आणि आईला पानं वाढायला सांगितलं. अण्णा जेवले, नानांच्या चपला घालून निघाले, आणि जाताना तो पत्रा चपलेसकट वर्तमानपत्रात गुंडाळून घेतला. "असू द्या," एवढंच म्हणाले. गेली सुनंदा, असं मी धरून चाललो. आठ दिवस मला जेवण गोड लागलं नाही. पोह्यांकडे तर बघवेना.

नवव्या दिवशी निरोप आला. होकार! मध्यस्थाने अण्णांचे शब्द जसेच्या तसे सांगितले, "पोराला काय येत नाय, ते दिसलंच. पण इचारल्यावर दुसऱ्याकडं बोट नाय दाखवलं त्यानं. उद्या काय बिघडवलं तर कबूल तरी करील."

लग्नात रुखवत मांडलं होतं. चिरोटे, करंज्या, लोकरीचे ससे, मण्यांची तोरणं. आणि मधोमध चौरंगावर, हार घालून, अण्णांची उजवी चप्पल, पत्र्यासकट! खाली सुनंदाच्या अक्षरात चिठ्ठी होती, 'जावईबापूंच्या हातचं पक्कं काम'. सगळा मांडव रांग लावून ती बघायला आला. रशीदभाई तर दोनदा येऊन गेले.

जीप पुढे भंगारात गेली. तो पत्रा मात्र आमच्या दिवाणखान्यात भिंतीवर आहे. घरातलं काही दुरुस्त करायला मी ब्रश हातात घेतला, की सुनंदा नुसती भिंतीकडे बघते. मी मुकाट्याने माणूस बोलावतो. पण एक गोष्ट मी आजही छातीठोकपणे सांगतो. इतकी वर्षं झाली, त्या पत्र्यावर मला गंजाचा नवा ठिपका दिसलेला नाही. कोटिंग उत्तमच होतं, फक्त ते जीपवर टिकलं नाही!