चंद्रीसमोरची कवायत

राहुरीजवळच्या वस्तीवरच्या कौसाबाईंची कंबर गेल्या वर्षी कांद्याच्या लागणीत धरली. दिवसभर वाकून रोपं लावणाऱ्या बाईला धारेला उकिडवं बसणंही जड झालं. चंद्री म्हैस दुसऱ्या कुणाच्या हाताला पान्हा सोडत नव्हती, म्हणून त्या कण्हत कशीबशी धार काढायच्या. मुलगा म्हणाला, "आये, इकून टाकू तिला." ते ऐकून कौसाबाई त्या रात्री जेवल्या नाहीत.

दवाखान्यातल्या मॅडमनी त्यांना रोज अंग ताणायला शिकवलं. हात वर न्यायचे, मग हळूहळू पुढं वाकायचं, हिसका द्यायचा नाही. अंगणात लोक हसतील म्हणून कौसाबाई धारेआधी गोठ्यातच, छपराला आधार दिलेली मेढ धरून, चंद्रीसमोर हे करायच्या.

सून सृष्टी म्हणायची, "आत्याबाई, म्हशीला कवायत शिकवताय व्हय?"

हळूहळू कंबर मोकळी झाली. म्हैस विकायचं कुणी बोलेना. बरं वाटलं तसं एका सकाळी ताणणंही सुटलं, आणि त्याच सकाळी चंद्रीनं पान्हा चोरला. पेंड घातली, पाठ थोपटली, तरी सड कोरडेच.

"आत्याबाई, तुमची कवायत ऱ्हायली की!"

कौसाबाईंनी हसत मेढ धरली, हात वर केले, वाकल्या. चंद्रीनं कान हलवले आणि दूध उतरलं.

तेव्हापासून खाडा नाही. यंदाच्या लागणीत तरण्या बाया कंबर धरून बसल्या, तरी कौसाबाई ताठ घरी आल्या. म्हशीच्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, "शिकवलं मॅडमनी, त्यांचं लई उपकार. पन रोज करून घेती ही माझी बाय."