तिसऱ्या ओळीतलं ‘नाही’

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास चाकणच्या कारखान्यातल्या सुपरवायझरने मला एक फोटो पाठवला. खाली एवढंच लिहिलं होतं, ‘मॅडम, हे बघा आणि फोन करा.’ मी चिंचवड स्टेशनजवळच्या आमच्या ऑफिसात नुकतीच येऊन बसले होते. फोटो एका मोबाइलच्या स्क्रीनचा होता आणि त्या स्क्रीनवर मी बनवलेलं ॲप उघडलेलं होतं.

त्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग बनतात. पूर्वी तिथे प्रत्येक मशीनपाशी सूचनांचा कागद प्लास्टिकमध्ये घालून टांगलेला असायचा. त्याच्या जागी आमच्या कंपनीने मोबाइलवर चालणारी यादी करून दिली होती. मशीन सुरू करण्याआधी कामगाराने एकेक सूचना वाचायची आणि तिच्यापुढे बरोबरची खूण करायची. प्रत्येक सूचनेची एक आडवी पट्टी. आम्ही तिला रो म्हणतो. ती रो किती उंच असावी, कोणत्या रंगाची, आतलं अक्षर केवढं, हे सगळं माझ्याकडे होतं.

फोटोतली चौथी रो पार्ट धुण्याच्या मशीनची होती. तिच्यात दोन ओळी दिसत होत्या : ‘पंप थांबल्यानंतर मशीनचे झाकण लगेच उघडायचे’.

मूळ सूचनेत शेवटी ‘नाही’ होतं.

मी फोन लावला. सुपरवायझर हळू आवाजात बोलत होता.

“काल फर्स्ट शिफ्टला झालं मॅडम. एक ताई आहेत, कॉन्ट्रॅक्टवरच्या. पॅकिंगमधून तीन दिवसांपूर्वीच त्या मशीनवर दिल्या होत्या. पंप थांबला आणि त्यांनी लगेच झाकण उचललं. सगळी वाफ हातावर आली. कोपरापर्यंत भाजलंय.”

“आणि चेहरा?”

“हनुवटीला थोडं. डोळे वाचले.”

पुढे तो काय बोलला ते मला नीट आठवत नाही. मी माझ्या मोबाइलवर तीच यादी उघडली. तिथे ‘नाही’ व्यवस्थित दिसत होतं, दुसऱ्या ओळीच्या शेवटी. मग मी मोबाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन अक्षरं एक पायरी मोठी केली आणि परत यादी उघडली. ‘नाही’ तिसऱ्या ओळीवर गेलं होतं. रोमध्ये तिसऱ्या ओळीला जागाच नव्हती. शॉपवरच्या, म्हणजे मशीनपाशी ठेवलेल्या, त्या मोबाइलची अक्षरं कुणीतरी वाचायला सोपं जावं म्हणून मोठी करून ठेवली होती.

जागा नव्हती, कारण मी ठेवली नव्हती. सुरुवातीला मी रोची उंची मजकुराप्रमाणे कमीजास्त होईल अशीच केली होती. कारखान्याच्या साहेबांना ती यादी ओबडधोबड वाटली. सगळ्या पट्ट्या एकसारख्या पाहिजेत म्हणाले, म्हणून मी उंची पक्की करून टाकली. मग लांब मजकुरापुढे तीन टिंबं यायला लागली. तीही त्यांना आवडली नाहीत. “ते ठिपके काढा हो, घाण दिसतं.” ठिपके काढायला मला एक मिनिटही लागलं नाही. ठिपके असते तर निदान पुढे काहीतरी राहिलंय एवढं तरी कळलं असतं. आता वाक्य चक्क पूर्ण झाल्यासारखं दिसत होतं, आणि नेमकं उलटं सांगत होतं. आपल्या भाषेत नकार शेवटी येतो हे मला काय माहीत नव्हतं?

आमचे प्रोजेक्टचे सर केबिनमध्ये होते. मी त्यांना दोन्ही स्क्रीन दाखवल्या. त्यांनी दोनदा पाहिल्या आणि दार लावून घेतलं.

“अक्षरं त्यांनी मोठी केली ना? आपण सांगितलं होतं का?”

“सर, अक्षरं मोठी करायची सोय प्रत्येक मोबाइलमध्ये असते. आपण तपासायला पाहिजे होतं.”

“दुरुस्त कर. गुरुवारपर्यंत नवीन व्हर्जन गेलं पाहिजे. आणि यावर कुणाशी काही बोलायचं नाही. कारखान्याच्या अपघाताच्या रिपोर्टमध्ये ऑपरेटरने सूचना वाचली नाही असं गेलेलं आहे. विषय संपलाय.”

मी जागेवर येऊन कामाला लागले. उंची मोकळी करायला तासभर पुरेल असं वाटलं होतं, पण सहा महिन्यांत मी त्या पक्क्या उंचीवर बाकीचं सगळं रचून ठेवलं होतं. उंची मोकळी करताच रो एकमेकींवर चढायला लागल्या. यादी वर सरकवली की उडी मारायची. दुपारी ते सुटलं, तर रंग बिघडला. धोक्याच्या सूचनांना मी डावीकडे लाल पट्टा दिला होता. स्क्रीनबाहेर गेलेली रो मोबाइल टाकून देत नाही, तीच पुसून नव्या मजकुरासह पुन्हा वापरतो. माझ्याकडून तो लाल पट्टा पुसला जात नव्हता. मग ‘हातमोजे जागेवर ठेवावेत’ याला लाल पट्टा, आणि झाकणाची सूचना साधी पांढरी.

ते पाहून मी मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. शेजारच्या मुलीने विचारलं, “बरं वाटत नाही का?” मी डोकं दुखतंय म्हणाले आणि जिन्यात जाऊन बसले. एक चूक निस्तरताना मी दुसरी तशीच पाठवणार होते. या यादीतली कुठली रो कुणाला काय सांगेल याची मलाच खात्री उरली नव्हती.

बुधवारी सकाळी पिंपरीत घरी चहा पिताना मी वडिलांपुढे मोबाइल ठेवला. ते चौतीस वर्षं कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त आहेत. अक्षरं सगळ्यात मोठी करून मी म्हटलं, “एवढं वाचून दाखवा.” त्यांनी चष्मा पुसून सगळ्या अठ्ठावीस सूचना मोठ्याने वाचल्या. मी कागदावर टिपत होते. सव्विसावीचा शेवटचा शब्द त्यांच्या वाचण्यात आला नाही.

“कुणाला लागलं?” त्यांनी एकदम विचारलं.

मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

“आमच्या वेळेला भिंतीवर पाटी असायची. कुणी वाचायचं, कुणी नाही. पण पाटीनं कधी चुकीचं सांगितलं नव्हतं.” मग ते म्हणाले, “त्या बाईला भेटून ये.”

सव्विसाव्या रोचा दोष सापडायला बुधवारचा सगळा दिवस गेला. गुरुवारी नवीन व्हर्जन घेऊन मी चाकणला गेले. हायवेवर ट्रकांच्या रांगेत बस तासभर अडकली होती. शॉपवरचे सगळे मोबाइल मी स्वतः तपासले, प्रत्येकावर अक्षर लहान-मोठं करून. साहेबांनी नवी यादी बघितली आणि म्हणाले, “पट्ट्या परत वरखाली दिसायला लागल्या की!” मी यादी तशीच ठेवली.

सुपरवायझरने मला त्या बाईंच्या खोलीवर नेलं. एमआयडीसीच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची चाळ होती. बाईंचा उजवा हात बोटांपासून कोपरापर्यंत पट्टीत गुंडाळलेला होता. हनुवटीवरची कातडी सोलल्यासारखी दिसत होती. त्या माझ्याच वयाच्या असतील, परभणीकडच्या. मला बघून त्या उठायला लागल्या.

“बसा ताई. कंपनीतून आल्या का?” त्यांनी विचारलं.

“मी ते मोबाइलवरचं बनवते,” मी म्हणाले.

“चांगलं हाय ते. माझंच ध्यान नव्हतं बगा. दहावी झाली माझी, पर सासू म्हणते, तुला धड वाचता बी येत न्हाई. साहेब बी तेच म्हणले. मला तर वाटतंय मी वाचलं व्हतं. तसंच लिवलेलं व्हतं. पर आता सगळेच म्हणतेत तर...”

सुपरवायझर चपलांकडे बघत होता. शब्द माझ्या अगदी ओठांवर आला होता. तुम्ही बरोबर वाचलं, एवढंच म्हणायचं होतं. पण सरांचं बंद दार डोळ्यांसमोर आलं, आणि मी म्हणाले, “काळजी घ्या.” त्यांनी डाव्या हाताने मला पाणी दिलं. मी ते प्यायले आणि निघाले.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडले. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. चूक हातून झाली होती ती झाली होती, पण त्या खोलीत मी जाणूनबुजून गप्प बसले होते.

सोमवारी मी मेल लिहिला. कारखान्याचे साहेब, त्यांचा सेफ्टी विभाग आणि आमचे सर, तिघांनाही. अक्षर लहान असतानाची स्क्रीन आणि मोठं केल्यावरची स्क्रीन शेजारी शेजारी लावल्या. रोची उंची मी पक्की केली, ठिपके मी काढले, मोठ्या अक्षरात तपासलं नाही, ऑपरेटरने जे दिसलं तेच वाचलं, असं लिहिलं. पाठवण्याआधी अर्धा तास बटणावर बोट तसंच ठेवून बसले होते.

दहा मिनिटांत सर माझ्या टेबलाशी आले. “कुणाला विचारून?”

“मी माझ्या कामाबद्दल लिहिलंय, सर.”

“तुला कळतंय का काय केलंस ते?”

मला कळत होतं. त्याच दिवशी मला त्या प्रोजेक्टवरून काढलं. पुढचे सात आठवडे मला कामच दिलं नाही. सकाळी यायचं, बसायचं, संध्याकाळी जायचं. आधी एकत्र जेवणाऱ्या मुली वेगळ्या वेळी डबा उघडायला लागल्या. शेवटी मीच राजीनामा दिला.

कारखान्यातून ‘नोंद घेतली’ एवढं उत्तर आलं. महिन्याभराने सुपरवायझरचा फोन आला. रिपोर्टमधला शेरा बदलला होता. पण तोवर ठेकेदाराने बाईंना कामावर येऊ नका म्हणून सांगितलं होतं, आणि त्या गावी निघून गेल्या होत्या. मी त्यांचा नंबर मागून घेतला.

“हात बरा हाय,” त्या म्हणाल्या. “उन्हात आग हुती तेवढी.”

मी या वेळी थांबले नाही. रो, उंची, ठिपके, सगळं साध्या शब्दांत सांगितलं. माझी चूक होती म्हणाले. पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता.

“म्हंजी मी बरोबर वाचलं व्हतं?”

“हो. अगदी बरोबर.”

“मग थांबा.” त्यांनी कुणाला तरी हाक मारली. “सासूबाई हायेत. त्यास्नी सांगा.”

मी त्यांच्या सासूबाईंना पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्यांना त्यातलं किती समजलं कुणास ठाऊक. शेवटी त्या म्हणाल्या, “बरं. पर आता हिला काम कोण देणार?”

“ते मलाही माहीत नाही,” मी म्हणाले. त्यांनी फोन ठेवला.