एका बरणीतल्या गोळ्या

दातिवऱ्याच्या मंजुळेवर मी एकदाच ओरडले, आणि ते ओरडणं मला अजून छळतं.

मी मूळची बीडकडची. नवरा नागोराव बोईसरला कारखान्यात, म्हणून इथं आले. जीभ पहिल्यापासून फटकळ. १९८६ साली मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळानं गावोगाव फिरायला बायका नेमल्या, त्यात मी लागले. मशेरीनं तोंडात पांढरा चट्टा पडतो, पुढं त्याचा कॅन्सर होऊ शकतो. तो थोपवणारं एक औषध प्रयोगशाळेत उंदरांना लागू पडलं होतं. आता माणसांवर पाहायचं होतं.

मासळी विकणारी मंजुळा आणि तिची धाकटी जाऊ जमना, दोघींच्या गालात चट्टे निघाले. जमना विधवा. तिच्याकडून बोटीवर जाणारं कुणी नव्हतं, तरी किनाऱ्यावर म्हावऱ्याचा ढीग पडला की मंजुळेचा नवरा दामू पहिला वाटा तिचा काढायचा. त्यांची रीतच ती.

डॉक्टरांनी बजावलं होतं, बायांपासून काही लपवायचं नाही. मी दोघींना समोर बसवून सांगितलं की काही बाटल्यांत खरं औषध आहे, काहींत नुसती साखर. गोळ्या दिसायला सारख्या. कुणाची कोणती ते मला ठाऊक नाही, डॉक्टरांनाही नाही. मंजुळेनं एवढंच विचारलं, एका घरातल्या दोघींना एकसारख्या देता येतील का. मी म्हटलं, ते ज्याच्या त्याच्या नशिबावर. दोघींनी अंगठे दिले.

वर्षभर मी दर महिन्याला जाऊन उरलेल्या गोळ्या मोजल्या. एक कमी नाही, एक जास्त नाही. इस्पितळातल्या बैठकीत मी मिरवायची, माझ्या दातिवऱ्याच्या बाया म्हणजे घड्याळ!

मग एकदा दिवाळीची सुट्टी आडवी येत होती, म्हणून दोन दिवस आधी गेले. मंजुळेच्या फळीवर लोणच्याची बरणी, आत गोळ्या. शेजारी दोन्ही बाटल्या रिकाम्या. बाटल्या मिळाल्या की दोघींच्या गोळ्या एकत्र मिसळायच्या, आणि मी येणार त्या दिवशी मोजून परत भरायच्या, असं वर्षभर चाललं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मंजुळा शांतपणे म्हणाली, "वरडतेस कशाला, बाय? एकीला औषध न एकीला साखर, असा कसा खायाचा? आमी ढीग एक केला. दोघींना अर्धा अर्धा तरी पोचल."

मी तिला अडाणी म्हटलं. खरं तर माझं सांगणं तिच्याइतकं नीट कुणालाच कळलं नव्हतं. दामू मध्ये पडला, कागदावर लिहू नको म्हणून विनवू लागला. मी लिहिलं. न लिहून कसं चाललं असतं? त्या खोट्या मोजणीवर उद्या हजारो बायांना औषध दिलं गेलं असतं. दोघींची नावं कमी झाली, गोळ्या बंद झाल्या, नुसती तपासणी उरली.

दीड वर्षानं मंजुळेचा चट्टा चिघळला, गाठ जबड्यात उतरली. ऑपरेशन झालं, उपयोग झाला नाही. त्याच सुमारास प्रयोग संपला आणि कुणाला काय दिलं होतं त्याची यादी उघडली. खरं औषध घेतलेल्या पुष्कळ बायांचे चट्टे विरले होते. मंजुळेची बाटली खऱ्या औषधाची होती. जमनेची साखरेची. डॉक्टर म्हणाले, पुरतं औषध पोटात गेलं असतं तरी ती वाचलीच असती असं एका बाईबद्दल सांगता येत नाही. असेल. पण ते शास्त्र घेऊन मी काय चाटू?

मंजुळेला मी खरं ते सांगितलं. तिला नीट बोलता येत नव्हतं, कान तोंडाशी न्यावा लागला.

"जमनीला सांगू नको," ती म्हणाली. "ती जेवाची नाय."

गणपतीआधी मंजुळा गेली. कार्तिकात मी तपासणीला गेले तेव्हा जमना बोंबील वाळत घालत होती. तिचा चट्टा होता तेवढाच होता. माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, खरी बाटली कुणाची होती.

जन्मभर लोकांच्या तोंडावर खरं बोलत आलेली बाई मी. म्हटलं, "दोघींचीही साखरच होती."

जमना हातातला बोंबील दोरीवर टाकून म्हणाली, "मंग बरा, बाय. मला वाटला, मी तिचा वाटा खाल्ला."